कापलेल्या पट्ट्यांचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि मी दमलो आहे. पत्र्याला कसला आलाय थकवा, असं तुम्ही म्हणाल. पण वर्षानुवर्षं दुसऱ्यांची दुखणी पोटात घेऊन बसा, एकही बाहेर टाकू नका, आणि मग बोला माझ्याशी. माझ्या झाकणावर दोन मोर होते. एकाचं डोकं गंजलं, दुसऱ्याचा पिसारा घासून गेला. तरी लोक मला ‘मोराचा डबा’च म्हणतात. नाव एकदा पडलं की पडलं.

माझा जन्म हैदराबादचा. तिथल्या एका कारखान्यात पत्रा कापून, वाकवून मला आकार दिला आणि माझ्या पोटात खारी बिस्किटं भरली. चाकूरचे धोंडप्पा किराणा दुकानाचा माल आणायला हैदराबादला गेले होते. त्यांच्या घरी नुकताच मुलगा झाला होता. बायकोसाठी काहीतरी न्यावं म्हणून त्यांनी मला उचललं. ट्रकमध्ये डाळीच्या पोत्यांवर बसून मी मराठवाड्यात आलो. बिस्किटं एका संध्याकाळीच संपली. धोंडप्पांची बायको अंबिकाबाई म्हणाल्या, "डबा बरा हाय, राहू द्या."

त्या एका वाक्यावर माझं सगळं आयुष्य उभं आहे. अंबिकाबाई काहीच टाकून देत नाहीत. मुलगा अमरेश लहान होता तोवर माझ्यात सुईदोरा आणि गुंड्या राहत. पुढे त्याच्या पेन्सिली आल्या. मग एका पावसाळ्यात घरातले सगळेच तापाने पडले, भरपूर गोळ्या आल्या, आणि त्या ठेवायला जागा हवी म्हणून मी औषधांचा डबा झालो. गुंड्यांच्या डब्याला कोण विचारतं? औषधांच्या डब्याला मात्र भिंतीतल्या फडताळात, देवघराशेजारी जागा मिळाली. मी फुगलो. खोटं कशाला बोलू?

ते दिवस खरंच चांगले होते. गल्लीत कुणाचं डोकं दुखलं, कुणाला शेतात खिळा लागला, की लोक म्हणायचे, "अंबिकाक्काकडं जा, तिच्याकडं असंन." अंबिकाबाई मला फडताळातून काढत, मांडीवर घेत, आणि बोटांनी चाचपून नेमकी गोळी काढून देत. आलेल्या माणसाला आधी पाणी, मग गोळी, मग चहा. निम्मं दुखणं तर त्या चहानेच जात असणार.

आणि धोंडप्पा होते तोवर माझीही निगा होती. ते पडले दुकानदार. जुना माल ठेवणं त्यांच्या जिवावर येई. दिवाळीला दुकान झाडून झालं की ते मला ओसरीवर उपडं करत, चष्मा लावून एकेक पट्टी उन्हात धरत, आणि तारीख उलटलेली गोळी बाजूला काढत. काढलेल्या गोळ्या ते उकिरड्यावर फेकत. तेही चुकीचंच होतं, हे मला फार उशिरा कळलं. पण निदान वर्षातून एकदा माझं पोट हलकं व्हायचं.

पुढे धोंडप्पांना साखरेचा आजार जडला. बारीक गुलाबी गोळी, सकाळी जेवणाआधी. ती देताना अंबिकाबाई हातात भाकरीचं ताट घेऊनच उभ्या राहत. "गोळी घेतली की लगेच जेवायचं, डॉक्टरनं सांगितलंय," असा त्यांचा धाक. नवरा बायकोपुढे मान खाली घालून जेवी. मला ते बघायला आवडायचं.

दोन वर्षांपूर्वी धोंडप्पा लिंगैक्य झाले. आम्ही लिंगायत, आमच्यात जाळत नाहीत. गावाबाहेर त्यांच्याच शेतात, बांधाजवळ त्यांना बसवलं. घरी परतल्यावर सुनेने, रुद्राणीने, आवराआवर काढली. कपडे दिले, चपला दिल्या. मग तिने मला उघडलं, तेव्हा अंबिकाबाईंनी मला तिच्या हातातून काढून घेतलं.

"आत्या, अप्पांच्या गोळ्या आता कशाला?"

"त्यांनी स्वतःच्या हातानं ठेवल्यात. राहू दे."

रुद्राणी पुढच्या आवराआवरीला लागली. माणूस गेल्यावर त्याच्या वस्तूला हात लावून बसावंसं वाटतं, हे पत्र्यालासुद्धा समजतं. पण तेव्हापासून दिवाळीला मला कुणी उपडं केलं नाही.

मग काय, येत गेलं आणि साचत गेलं. अमरेशला घशाच्या दुखण्यावर डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. दोन दिवसांत बरं वाटलं, उरलेल्या माझ्यात. रुद्राणीच्या खोकल्याचं औषध अर्धं संपलं, उरलेलं माझ्यात. त्याच्या झाकणाला पाक धरला आणि मुंग्या आल्या. डोळ्यांचे थेंब, मलमाची पिळवटलेली नळी, कुणाच्या तरी गुडघ्याच्या कॅप्सूल. एक ना धड, भाराभर चिंध्या! गरज सरो आणि वैद्य मरो म्हणतात. वैद्याचं मला माहीत नाही, पण गरज सरली की त्याचं औषध मात्र माझ्याकडे मुक्कामाला यायचं. आणि अंबिकाबाईंचं एक ठाम मत होतं, "औषध फेकलं की दुखणं माघारी येतंय."

त्यात आमच्याकडे आणखी एक रीत. मेडिकलमध्ये अख्खी पट्टी क्वचितच कुणी घेतं. "चार द्या" म्हटलं की दुकानदार कात्रीने पट्टी कापून चार गोळ्या हातावर ठेवतो. नाव राहतं एका टोकाला, तारीख दुसऱ्या टोकाला, आणि घरी येतो मधला तुकडा. असे बिननावाचे, बिनतारखेचे तुकडे माझ्यात किती असतील, मलाही सांगता येणार नाही. धोंडप्पा होते तेव्हा ते तुकड्यांना रबर लावून वेगवेगळे ठेवत. ती रबरं वाळून तुटली, आणि सगळे तुकडे एकमेकांत मिसळले. अंबिकाबाई आता गोळी रंगावरून ओळखत. पांढरी तापाची. पिवळी अंगदुखीची. गुलाबी पोटाची.

हो, गुलाबी पोटाची. कारण पित्तावर घेतात तीही एक गोळी गुलाबीच होती, आणि तीही बारीक.

आता मी गुणाबाईंकडे येतो. भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. शेतकऱ्याघरची बाई, नवरा कधीच वारला, एकुलती मुलगी पुनम लग्न होऊन मुदखेडला गेली. गुणाबाईंना साखर नाही, रक्तदाब नाही, काही नाही. दुपारी जेवण झालं की त्या सूप घेऊन आमच्या ओसरीवर येत. दोघी मिळून तूर निवडत, आणि अख्ख्या चाकूरचा उद्धार करत. धोंडप्पा गेल्यावर अंबिकाबाई पहिल्यांदा जेवल्या त्या गुणाबाईंच्या हातचं. गुणाबाईंनी भाकरी कुस्करून समोर ठेवली आणि म्हणाल्या, "तू जेवस्तवर मी बी जेवणार न्हाई." मी फडताळातून सगळं पाहत होतो.

मागच्या हिवाळ्यात येळवस आली. आमच्या लातूर भागात त्या अमावस्येला गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही. सगळे शेतात. कडब्याची खोप, पूजा, आणि मग शेंगा-भाज्यांची मिसळलेली भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली आंबील. ओळखीचा, बिनओळखीचा, बांधावरून जाणारा प्रत्येक जण पंगतीला ओढला जातो. येळवसेला "पोट भरलं" म्हणणं म्हणजे यजमानाचा अपमान. अंबिकाबाईंनी गुणाबाईंना शेतात नेलं, आधी धोंडप्पांच्या समाधीला फूल वाहिलं, आणि मग त्यांच्या नावाने, त्यांच्या वाट्याचं, असं म्हणत म्हणत गुणाबाईंना इतकं वाढलं की बिचाऱ्या बांधाला टेकून बसल्या. मी काही शेतात नव्हतो. हे सगळं दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या दोघींच्याच तोंडून ऐकलं.

कारण दुसऱ्या दिवशी सकाळी गुणाबाई पोट धरून दारात उभ्या होत्या.

"अक्का, तुझ्या भज्जीनं माझा नगारा करून टाकला बघ. आज लंघन धरलंय. पाण्याबिगर काही न्हाई."

"लंघन बरं, पण गोळी बी घे. सकाळी एक, दुपारी एक. बसून जाईल पोट."

अंबिकाबाईंनी मला मांडीवर घेतलं. त्यांची बोटं माझ्या पोटात फिरली. पांढरा तुकडा बाजूला, पिवळा बाजूला. गुलाबी गोळ्यांचा तुकडा वर आला. मित्रांनो, मला तो तुकडा ओळखता येत होता. तो धोंडप्पांच्या हातचा होता. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण माझं तोंड म्हणजे एक झाकण. ते दुसऱ्याने उघडायचं आणि दुसऱ्यानेच लावायचं.

गुणाबाईंनी विचारलं नाही, अंबिकाबाईंनी पाहिलं नाही. एक गोळी गिळली गेली, दुसरी पदराच्या गाठीत गेली.

जी गोळी घेतल्यावर धोंडप्पांना भाकरी खाल्ल्याशिवाय उठू दिलं जात नव्हतं, ती गुणाबाईंनी उपाशीपोटी घेतली. तीही साखरेचा आजार नसताना. दुपारी त्या नेहमीप्रमाणे सूप घेऊन आल्या, पण सूप खाली ठेवताना त्यांचे हात थरथरत होते. थंडीचे दिवस, आणि कपाळावर घामाच्या धारा. रुद्राणीने साखरेचा चहा आणला, तर त्यांनी कप बाजूला सारला. "लंघन हाय माझं. दुपारची गोळी बी घेतलीय आत्ताच." थोड्या वेळाने त्या भलतंच बोलू लागल्या. आपल्या मेलेल्या नवऱ्याला बैल सोडायला सांगू लागल्या.

अंबिकाबाई घाबरल्या. "शेतातलं काही लागलं व्हय गं हिला?" म्हणत त्या देवघराकडे धावल्या आणि गुणाबाईंच्या कपाळाला विभूती लावली. घामाने ती विभूती तिथेच ओघळली. मग गुणाबाईंची मान एका बाजूला पडली. रुद्राणीने अमरेशला दुकानातून बोलावलं. शेजारच्या सिद्धरामच्या रिक्षात घालून त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. ओसरीवर तूर तशीच विखुरलेली राहिली.

काही वेळाने अमरेश एकटाच मोटारसायकलवर परत आला. फडताळ उघडलं, मला उचललं आणि काखेत मारून निघाला. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा घराबाहेर पडत होतो, आणि तेही असा.

दवाखान्यात डॉक्टरांनी गुणाबाईंच्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन आधीच तपासला होता. साखर अगदी तळाला गेली होती. हाताला सलाईन लावलं होतं. साखरेचा आजार नसलेल्या बाईची साखर इतकी कशाने उतरली, ते त्यांना समजत नव्हतं. त्यांनी मला टेबलावर उपडं केलं. माझं सगळं आयुष्य सगळ्यांसमोर सांडलं. मुंग्या चालू लागल्या. मलमाची नळी घरंगळत जाऊन नर्सच्या पायाशी पडली. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"यातली कोणती दिली?"

अंबिकाबाईंनी गुलाबी तुकडा दाखवला. डॉक्टरांनी तो उलटा केला. मागच्या चंदेरी कागदावर नावाची फक्त शेपटी उरली होती. त्यांनी ढिगातून धोंडप्पांची एक जवळजवळ अख्खी पट्टी शोधली, दोन्ही शेजारी ठेवल्या आणि गोळ्या ताडून पाहिल्या.

"आजी, ही साखरेची गोळी आहे. तारीखही केव्हाच उलटून गेलीय."

"मग तिच्यात जोर कसला राहिलाय, साहेब?" अमरेशने विचारलं.

"राहतो, किंवा राहत नाही. कुणालाच सांगता येत नाही, तेच तर वाईट आहे. हिच्यात राहिला होता." मग ते नर्सकडे वळले. "ही गोळी साखर पुन्हा खाली ओढते. यांना इथेच ठेवा. दर थोड्या वेळाने तपासत राहा."

अंबिकाबाईंनी तो गुलाबी तुकडा परत हातात घेतला. त्या रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ह्यांची गोळी व्हती ती."

गुणाबाईंची साखर पुन्हा उतरली, पुन्हा चढवावी लागली, पुन्हा उतरली. अंबिकाबाई पलंगाच्या पायथ्याशी बसून राहिल्या. रुद्राणीने जेवणाचा डबा आणला तरी घास घेतला नाही. मुदखेडहून पुनम आली. आईचा हात हातात घेऊन बसली, मग अंबिकाबाईंकडे वळली. तिचा आवाज चढला नाही, आणि म्हणून ते जास्त लागलं.

"मावशी, तुम्ही मुद्दाम केलं न्हाई, मला ठाव हाय. पण आईला आता मी मुदखेडला नेऊन राहिले. हितं एकटीला ठेवायचं माझं धाडस न्हाई."

अंबिकाबाईंनी मान हलवली.

गुणाबाई शुद्धीवर आल्या, जेवू लागल्या, आणि जीव वाचला. घरी परतल्यावर अंबिकाबाईंनी मला उचललं आणि परसदारी नेलं. त्यांच्या डोळ्यांत मी इतका राग कधी पाहिला नव्हता. तो माझ्यावर नव्हता, पण हातात मी होतो.

"वढ्यात फेकून येते सगळं."

"आत्या, वढ्याला गुरं पाणी पितात," रुद्राणी म्हणाली.

"मग उकिरड्यावर."

"तिथं शेळ्या तोंड घालतात. अन् पावसात ते सगळं जमिनीतच मुरतं."

"चुलीत तर घालू दे!"

"त्याचा धूर बी वाईट असतो म्हणून नर्सबाई सांगत होत्या. दवाखान्यात आणून द्या म्हणाल्या. चला, बसा. आपण निवडू."

दोघी ओसरीवर वर्तमानपत्र पसरून बसल्या. ज्या औषधावर नाव आणि तारीख दोन्ही नीट होती आणि जे घरात खरंच कुणाला चालू होतं, तेवढं बाजूला. बाकी सगळं पिशवीत. बाजूला पडलेला ढीग इतका लहान होता की रुद्राणीच्या एका मुठीत मावला; तो तिने कागदात गुंडाळून फडताळात ठेवला. एवढ्यासाठी मी इतकी वर्षं फुगून बसलो होतो! धोंडप्पांची ती जवळजवळ अख्खी पट्टी हातात आली, तेव्हा अंबिकाबाईंनी ती कमरेला खोचली. रुद्राणीने ते पाहिलं आणि दुसरीकडे पाहू लागली.

दवाखान्यात जाताना अंबिकाबाईंनी मलाही काखेत घेतलं. तिथे नर्स तनुजाबाईंनी पिशवी हातात घेतली. "हे आमचं रोजचं काम न्हाई, आजी. पण आणलंय ते बरं केलंत. इथली मुदत संपलेली औषधं आम्ही पिवळ्या पिशवीत भरतो. ती न्यायला वेगळी गाडी येते, अन् ती नीट जाळायची भट्टी असते त्यांच्याकडं. तुमचं बी त्यातच जाईल." त्यांनी पिवळ्या पिशवीचं तोंड उघडून धरलं. रुद्राणीने घरची पिशवी आत रिकामी केली. तनुजाबाई गाठ मारायला वाकल्या.

"थांबा," अंबिकाबाई म्हणाल्या.

कमरेची पट्टी काढली. हातावर ठेवून तिच्याकडे पाहिलं. या पट्टीतल्या उरलेल्या गोळ्या धोंडप्पा घेणार होते, आणि त्याआधीच गेले. त्या गोळ्यांनी त्यांना थांबवलं नव्हतं. आणि त्या जपून ठेवल्याने ते परतही येणार नव्हते. पट्टी आत टाकताना अंबिकाबाईंच्या तोंडून एक शब्द निघाला. "जावा." नवऱ्याला निरोप द्यावा तसा.

मी रिकामा झालो. इतकी वर्षं जे मागत होतो ते मिळालं. तरी आनंद झाला नाही.

कारण घरी येतो तो गुणाबाईंच्या दारात सिद्धरामची रिक्षा उभी. गाठोडं आत, पुनम आत, गुणाबाई आत. दाराला कुलूप. अंबिकाबाई रिक्षाजवळ गेल्या. त्यांनी मला उघडून पुढे धरलं. "बघ. रिकामा केला."

गुणाबाईंनी आत पाहिलं. "धन्याच्या बी?"

"त्यांच्या बी."

गुणाबाईंनी माझ्या गंजलेल्या तळावरून बोट फिरवलं. मग त्यांनी अंबिकाबाईंचा हात धरला. आवाज अजून अशक्त होता.

"अक्का, गोळी कसली हाय, मी इचारलंच न्हाई बघ. तू दिलीस, मी गिळली. उद्या दिलीस तरी न इचारता गिळंन. म्हणून तर पुनम नेऊन राहिली मला."

रिक्षा निघाली. अंबिकाबाई माझ्यासकट रस्त्यात उभ्या राहिल्या, रिक्षा अहमदपूरच्या रस्त्याला लागून दिसेनाशी होईपर्यंत.

मित्रांनो, मी शिकलेला नाही, पत्रा आहे. पण एवढं ऐका. आज घरी गेलात की तुमच्या घरातला डबा उघडा. आजी-आजोबा असतील तर त्यांना शेजारी बसवा, त्यांच्यावर रागावू नका. ज्या पट्टीवर नाव नाही, तारीख नाही, ती कुणालाच देऊ नका, कितीही मायेने द्यावीशी वाटली तरी. पट्टी कापून घेतलीत तर दुकानदाराकडून नाव आणि तारीख लिहून घ्या. डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या पूर्ण घ्या, म्हणजे उरणारच नाहीत. उरल्याच, तर दवाखान्यात किंवा मेडिकलमध्ये घेतात का, ते आधी विचारा. कुठेच घेत नसतील तर पट्टीतून काढून माती, राख नाहीतर चहाच्या चोथ्यात कालवा, पिशवीत घट्ट बांधा, आणि मगच कचऱ्याच्या गाडीत द्या. ओढ्यात नको, चुलीत नको. आणि जे माणूस गेलं, त्याला आठवायला फोटो आहे, शेत आहे, त्याच्या गोष्टी आहेत. त्याच्या गोळ्या जाऊ द्या.

आता मी फडताळात आहे, अगदी हलका. दुपार झाली की अंबिकाबाई सूप घेऊन ओसरीवर येतात आणि एकट्याच तूर निवडतात. मधेच एखादी गोष्ट सांगायला तोंड वर करतात. समोरची जागा रिकामी असते. मग त्या पुन्हा खाली बघतात, आणि निवडत राहतात.